वीरण्णांची काळी सुरई

१

वीरण्णा मेले त्या सकाळी लातूरच्या गंजगोलाईत, म्हणजे आमच्या गोल बाजारपेठेत, पाण्याच्या टँकरपुढे बायकांची भांडणं जुंपली होती, त्यामुळे नरसिंगची बोंब कुणाच्या लक्षातच आली नाही. मी समोरच राहतो म्हणून मला ऐकू आली. धावत त्यांच्या दुकानाचा जिना चढून वरच्या खोलीत गेलो. वीरण्णा वेताच्या खुर्चीत बसलेले होते. अंगात रेशमी कुडता, कानात अत्तराचा फाया, मान एका बाजूला कललेली. कुडत्यावर उलटीचा डाग होता. समोर टेबलावर वाईनची जवळजवळ रिकामी बाटली आणि उंच पायांचे दोन पेले होते. मधल्या तबकात मात्र नुसता एक लालसर गोल डाग उरला होता.

नरसिंग दाराशी उकिडवा बसून रडत होता. तो वीरण्णांच्या दुकानातला जुना नोकर. शेजारच्या दुकानातून वीरण्णांचा धाकटा भाऊ मलप्पा आला. त्यानं भावाच्या नाकापाशी हात धरला, मग तबकाकडं पाहिलं आणि ओरडला, "सुरई कुटं हाय? नरसिंग, अण्णाची सुरई कुटं गेली?"

नरसिंगनं मान वर केली नाही.

वीरण्णांविषयी थोडं सांगायला हवं. लातूर जिल्हा झाला आणि गावात साहेबलोक आले. त्याआधी आमच्याकडं भेट म्हणजे टॉवेल, टोपी आणि नारळ. साहेब आले तशा त्यांच्या बदल्या आल्या, बढत्या आल्या, निरोपसमारंभ आले, आणि कुणाला काय द्यावं हा गावापुढं मोठाच प्रश्न उभा राहिला. तो ओळखला वीरण्णांनी. 'रसिक भेटवस्तू भांडार' काढलं. टाय, गॉगल, अत्तरदाण्या, हैदराबादी काचेचे वाईनचे पेले. दुकानाबाहेर एक फळा असे, त्यावर वीरण्णा स्वतः खडूनं प्रश्न लिहीत आणि उत्तरही देत. 'साहेब वाईन पीत नाहीत, तरी वाईनचे पेले का द्यावेत? — कपाटात ठेवून पाहुण्यांना दाखवायला.' लोक हसत आणि तेच पेले घेऊन जात. वीरण्णा कानानं अधू होते, त्यामुळे गिऱ्हाइकाला ओरडून बोलावं लागे आणि कोण कुणाला काय देतोय हे सगळ्या गोलाईला कळत असे.

दुष्काळात हा धंदा कसा चालतो, असं मी एकदा चिडून विचारलं होतं. वीरण्णा म्हणाले, "पत्रकारसाहेब, मानसाला पानी नसलं तरी मान लागतो." मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

दुकानाची शान म्हणजे बिदरी सुरई, बिदरच्या कारागिरांनी केलेली. अंग मुद्दाम काळंभोर केलेलं, त्यावर चांदीची वेल, बाजूला बारीक तोटी आणि तोटीच्या मुळाशी आतून जाळी. किती वर्षं ती काचेच्या कपाटात होती आणि वीरण्णा ती विकायला नाखूश असत. शेवटी बदली होऊन चाललेल्या एका इंजिनिअरसाहेबांसाठी ती ठरली आणि खोक्यात बंद होऊन कपाटात राहिली. ज्या सकाळी ती जायची होती त्याच सकाळी वीरण्णा मेलेले सापडले.

फौजदार साहेबराव सोनकांबळे आले. हा माणूस मूळचा हिमायतनगरचा, उंच, सुकलेला आणि कमी बोलणारा. दुष्काळ पडल्यापासून तो स्वतःचं पाणी आणि स्वतःचा जेवणाचा डबा बरोबर घेऊन फिरे, दुसऱ्याच्या घरी घोटभरसुद्धा घेत नसे. त्यानं खोली पाहिली, मग तबकाच्या कडेला बोट लावून काहीतरी उचललं आणि मला दाखवलं.

ज्वारीचा एक दाणा होता, भिजून फुगलेला आणि लालसर.

"जेवले असतील," मी म्हणालो.

"वाईनसंगं ज्वारी खाऊन राहिला काय कुनी?" साहेबरावनं दाणा कागदात बांधला.

खाली उतरताना माझी नजर फळ्यावर गेली. वीरण्णांचं अक्षर ताजं होतं. 'भाचीचे लग्न ठरले. मामाने काय द्यावे? — मालकाला विचारावे.'

२

दुसरा पेला कुणाचा हे शोधायला वेळ लागला नाही. हैदराबादहून माल घेऊन येणारे सत्तारभाई नेहमीच्या लॉजवर होते. बातमी ऐकून ते खाटेवर बसले ते उठेचनात.

"मैंच लाया था साहेब वो बाटली," ते म्हणाले. "वीरण्णा बोलले, सुरई उद्या जातीय, आज तिच्यातून एक डाव पिऊ द्या. दुपारीच निम्मी वाईन तिच्यात ओतून ठेवली होती त्यांनी. कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, वाईनला आधी हवा खाऊ द्यावी लागती. मी हसलो."

"तुम्ही सुरईतली पिलात?" साहेबरावनं विचारलं.

"ना. मैं बाटलीसे लिया, सोडा डालके. मेरेको धातूची चव आवडत न्हाई. वीरण्णा रुसले सुद्धा."

"मग?"

"मग त्यांचं तोंड लाल झालं. ऐसा लाल, जैसे अंगार. डोळे लाल, मानेची शीर थडथड उडतीय. बोलले, सत्तार, छातीत धडधडतंय, तुम्ही जा, मी पडतो जरा. मेरेको लगा, चढली." सत्तारभाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. "बाटली एकच होती साहेब. मी का जिवंत हाय?"

याच प्रश्नानं पुढं साऱ्या गावाला पछाडलं. डॉक्टरांनी वीरण्णांचं हृदय आधीपासूनच कमजोर असल्याचं सांगितलं. तेच बंद पडलं असावं, पण चेहरा इतका लाल का झाला हे आपल्यालाही कळत नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. बाटलीत विष नव्हतं. उरलं ते सुरईत असणार, आणि सुरई बेपत्ता होती.

मलप्पाला साहेबरावनं त्याच्या दुकानातच गाठलं. मलप्पाचं दुकान बियाणं-खतांचं. मृग कोरडा गेला होता, थप्पीला थप्पी लावून संकरित ज्वारीच्या पिशव्या पडून होत्या, आणि औषधाच्या वासानं डोकं भणभणत होतं.

"तुम्हाला भावाची जागा पायजे होती म्हणं," साहेबराव म्हणाला.

"पायजे होती. न्हाई म्हनून काय करू?" मलप्पा उसळला. "माझा माल ठिवायला जागा न्हाई आन् अण्णा तितं पेले मांडून बसलेला. आमी भांडलो. समद्या गोलाईनं ऐकलं, त्याला ऐकू यावं म्हनून वरडावं लागायचं ना! पर भाऊ हुता माझा. नरसिंगला इचारा. कपाटाची किल्ली त्याच्यापाशी. परवा रजा घिऊन मुरुडला भैनीकडं गेला, भाचीला बघाय पाव्हणे यायचे हुते म्हनं. काल आला आन् आज हे असं."

बोलणं चालू असतानाच मागच्या बोळातून गलका ऐकू आला. दुकानामागच्या विहिरीत काही दिसतं का म्हणून एक बाई डोकावली होती. पाणी नव्हतंच. तळाच्या वाळल्या गाळात सुरई आडवी पडून उन्हात चमकत होती.

विहिरीला पाणी असतं तर ती कुणाला कधी दिसली नसती. टाकणाऱ्यानं विहीर म्हणून टाकली, ती कोरडी आहे हे घाबरलेल्या माणसाच्या ध्यानात राहिलं नाही.

३

सुरई वर काढली तेव्हा साहेबरावनं ती दोन्ही हातांनी धरली आणि हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. तोटीच्या जाळीमागं अडकलेले ज्वारीचे दाणे त्यानं काडीनं टोकरून काढले. तेही लालसर होते.

"वाईनचा रंग," मी म्हणालो.

"बघू." त्यानं वीरण्णांच्या बाटलीतला तळाचा थेंबभर घेतला आणि आमच्या घरातली साधी ज्वारी त्यात भिजत घातली. दुसऱ्या सकाळी ती जांभळट काळी पडलेली होती. सुरईतली ज्वारी गुलाबी होती, जत्रेतल्या बत्ताशासारखी.

असली गुलाबी ज्वारी आमच्याकडं सगळ्यांच्या ओळखीची. संकरित बियाण्याला कीड-बुरशी लागू नये म्हणून औषध चोळतात, आणि कुणी चुकून खाऊ नये म्हणून त्याला रंग देतात. गोलाईत ते बियाणं एकाच दुकानात मिळे. मलप्पाच्या.

मला वाटलं, संपलं. बातमीचा मथळासुद्धा मनात तयार झाला. साहेबराव मात्र सुरई उलटी धरून तिचं बूड बघत बसला होता.

"बातमीदार, हे बघा. इथं काळं गेलंय."

बुडाशी तळहाताएवढ्या जागेतला काळा रंग घासून करडा झाला होता. ओरखडे गोल गोल होते, आणि त्यांच्या खाचेत राख बसली होती.

"वीरण्णा हिला मखमलीच्या फडक्यानं पुसायचे," मी म्हणालो. "राख लावणाऱ्याचा त्यांनी जीव घेतला असता."

"म्हणजे ज्यानं घासली त्याला बिदरी म्हणजे काय ते म्हाईत न्हाई. काळं दिसलं, करपलं समजून घासलं. ही सुरई दुकानाबाहेर जाऊन आलेली हाय."

त्यानं नरसिंगला बोलावलं. नरसिंग आला आणि सुरई पाहताच भिंतीला टेकला. सुरई विहिरीत त्यानंच टाकल्याचं कबूल केलं. ती मुरुडला नेली होतीस का, असं विचारल्यावर त्यानं एकाएकी हात जोडले.

"साहेब, मीच मारलं मालकाला. मीच इख घातलं. मला आत घ्या आन् मिटवा."

"कशापायी मारलंस?"

"वरडायचे माझ्यावर."

"बहिरा माणूस ओरडणारच. काय घातलंस?"

"इख."

"कसलं?"

नरसिंगनं ओठ घट्ट मिटले. दुपारी त्याला कोठडीत नेलं तेव्हा मलप्पा दुकानाच्या पायरीवर बसून बघत होता. आनंद त्यालाही झालेला दिसला नाही. नरसिंगनं वीरण्णांकडं अर्धं आयुष्य काढलं होतं. सगळ्या गोलाईला तो भोळा म्हणून माहीत होता, आणि आता तीच गोलाई त्याच्या नावानं थुंकत होती.

४

कबुली मिळाली की फौजदार सुटकेचा श्वास टाकतात. आमचा हा वल्ली तोंड पाडून पुन्हा मलप्पाच्या दुकानात गेला. मीही मागं होतोच.

"ह्या औषधानं माणूस मरतो का?" त्यानं गुलाबी दाणे पुढं केले.

मलप्पानं दाणे ओळखले आणि त्याचा चेहरा उतरला. "एवढ्यानं? न्हाई साहेब. आमचे गडी दिसभर हेच औषध बियाला चोळत्यात, कुनाला काय झालं न्हाई." मग हळूच म्हणाला, "फकस्त त्या दिशी प्यायचं न्हाई. गेल्या साली दोघं गडी काम आवरून शिंदी प्यायला गेले. तोंड लाल, छाती धडधड, उलट्या. मला वाटलं गेले आता. तवापासनं मी ताकीद दिली, औषधाला हात लावला तर दारू बंद. त्ये औषध पोटात आसंल आन् वरनं दारू गेली तर आंगात आग लागती."

सत्तारभाईंचे शब्द मला आठवले. ऐसा लाल, जैसे अंगार.

"आणि ज्याचं हृदय आधीच कमजोर हाय?" साहेबरावनं विचारलं.

मलप्पानं तोंडावर उपरणं घेतलं.

रस्त्यात मी म्हणालो, "मग झालंच की. नरसिंगला हे ठाऊक असणार. तो शेतकऱ्याचाच पोर."

"ठाऊक हाय, म्हणून तर सुरई फेकली." साहेबराव थबकला. "पण ध्यानात घ्या, मारायचं असतं तर भुकटी घातली असती. मलप्पाच्या दुकानात उघडी पडलीय, चिमूटभर पुरली असती. दाणे कोण घालतं? दाणे खुळखुळतात. वीरण्णाला ऐकू आलं न्हाई म्हणून, न्हाईतर उचलताक्षणीच कळलं असतं. इख घालणारा असा दाण्यांवर विसंबून राहतो काय?"

त्याच्या म्हणण्यात चूक काढता येत नव्हती. तसेच आम्ही माझ्या घरी आलो. आदल्या दिवशी साहेबरावचा डबा आमच्याकडं राहिला होता. माझी बायको पार्वती तो घेऊन बाहेर आली. "घासून ठेवलाय हो भाऊजी. पाणी न्हाई, राखेनंच घासला." साहेबरावनं डबा घेतला आणि सवयीनं झाकण उघडलं. आत मूठभर शेंगदाणे होते.

मी वैतागलो. घरात शेंगदाणे मोजकेच उरले होते. "अगं, दुष्काळात तरी हा रिवाज सोड की!"

"रिकामं भांडं कुणाच्या घरी परत धाडतात का?" पार्वती म्हणाली. "मग अजून कसला दुष्काळ बघायचा राहिलाय?"

साहेबराव त्या शेंगदाण्यांकडं बघत उभा राहिला. राखेनं घासलेला डबा, आत मूठभर दाणे.

"बातमीदार," तो म्हणाला, "आपल्याला मुरुडला जावं लागतंय. आणि देवाशपथ, माझं खोटं ठरलं तर बरं होईल."

५

नरसिंगच्या थोरल्या बहिणीचं नाव कस्तुराबाई. लातूरजवळच्या मुरुड गावाच्या कडेला तिचं माळवदाचं घर. नवरा व्यंकट रोजगार हमीवर खडी फोडायला गेला होता. मुलगी पंचफुला चुलीपाशी बसली होती, पण चूल पेटलेली नव्हती. भावाला धरल्याचं तिथवर पोचलं होतं. आम्हाला बघताच कस्तुराबाई पुढं आली.

"साहेब, माझा नरसू मुंगी बी मारायचा न्हाई. कुनी तरी त्याच्यावर घातलंय."

"म्हणूनच आलोय, अक्का," साहेबराव म्हणाला. "तुमच्याकडं सुरई आणली होती ना त्यानं?"

तेवढ्या दुःखातही तिचा चेहरा उजळला. लातूरच्या नव्या कचेरीत नोकरीला असलेला मुलगा पंचफुलाला बघायला येणार होता. शहरी माणसं. त्यांना गडव्यानं पाणी कसं द्यायचं? नरसिंगनं मालकाच्या नकळत दोन दिवसांकरता सुरई आणली. "पानी तरी कुटं हुतं? तीन घरी हिंडून घागरभर आनलं. पर त्या सुरईतनं वतलं तर पाव्हणे बगतच ऱ्हायले. पसंती तितंच झाली बगा. बूड लई काळं झालं हुतं तिचं, मी घासून चकचकीत क्येलं."

मी साहेबरावकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता.

मग त्यानं आपला डबा सोडला. भाकरी आणि चटणी होती. घासभर खाऊन उरलेलं सगळं पंचफुलापुढं सरकवलं. "पोरी, तू खा. डबा राहू दे इथंच. आम्ही चावडीपाशी जाऊन येतो, जाताना नेऊ."

चावडीपाशी आमचं काहीच काम नव्हतं. लिंबाच्या झाडाखाली आम्ही उभे राहिलो. साहेबरावनं विडी पेटवली आणि ती हातातच विझली.

"काही नसू दे त्यात," तो एकदाच म्हणाला.

परत आलो तर डबा घासून ओट्यावर ठेवलेला होता. कस्तुराबाईनं तो दोन्ही हातांनी साहेबरावला दिला. साहेबरावनं झाकण काढलं.

डब्यात मूठभर गुलाबी ज्वारी होती.

"घरात दुसरं काय बी न्हाई, साहेब," ती ओशाळून म्हणाली. "पेरायला आनलेलं बी. पाऊसच न्हाई तर तसंच पडून हाय. रिकामा डबा कसा द्यावा? खायाचं न्हाई बरं का ते, औशिदाचं हाय. तेवढं घरच्या बाईला सांगा. शकुनाचं म्हनून घातलं."

"अक्का," साहेबरावनं विचारलं, "सुरईतही घातलं होतं?"

"घातलं की. त्यांच्यामुळं पोरीचं जमलं. मालकाची भरभराट व्हावी म्हनून येकाच्या जागी दोन मुठी घातल्या, पिशवीच्या बुडातलं. नरसूला सांगणार हुते, खायचं न्हाई म्हनून. पर यष्टी आली, त्यानं सुरई धडप्यात गुंडाळली आन् पळाला. ऱ्हाऊन गेलं." ती हसली. मग आमची तोंडं बघून तिचं हसणं हळूहळू थांबलं. "शोची चीज ती. तिच्यात कोन कशाला..."

तिनं डब्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं, मग पुन्हा डब्याकडं.

"मालक त्यातनं पिले?"

"दारू," साहेबराव म्हणाला. शेतकऱ्याची बायको ती. औषध चोळल्या दिवशी नवऱ्याला दारू का द्यायची नसते हे तिला सांगायला लागलं नाही. ती तिथंच ओट्यावर बसली आणि दोन्ही तळहात उघडून त्यांच्याकडं बघत राहिली. आतून पंचफुलानं हाक मारली, तरी तिचं लक्ष गेलं नाही.

"माझं नाव लिवा, साहेब," ती शेवटी म्हणाली. "नरसूला सोडा. माझ्या हातानं झालंय."

६

साहेबरावनं अपघात म्हणून लिहिलं, आणि कोर्टानंही तसंच धरलं. सकाळी दुकान उघडायला गेलेल्या नरसिंगनं मालकाला पाहिलं, टेबलावरची सुरई उचलली, आतून गुलाबी दाणे खुळखुळले, आणि क्षणात त्याला सगळं उमगलं होतं. दाणे आणि वाईन त्यानं गटारात ओतली आणि सुरई विहिरीत फेकली. बहिणीचं नाव निघू नये एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याचं म्हणणं घेताना हे सगळं कळलं. फासावर जायचीही त्याची तयारी होती, याविषयी मला शंका नाही.

सुटून आला तेव्हा त्यानं साहेबरावचे आभार मानले नाहीत.

"तिला कशाला सांगितलंत?" तो रागानं म्हणाला. "मी बसलो असतो की आत. तिचा जलम कशाला नासवला?"

साहेबराव उठून बाहेर निघून गेला. खरं शोधून काढल्याचा इतका पश्चात्ताप झालेला माणूस मी पुन्हा पाहिलेला नाही.

मलप्पानं नरसिंगला कामावरून काढलं नाही. फळ्यावरचं भावाचं शेवटचं अक्षर त्यानं कितीतरी दिवस पुसू दिलं नाही. "ह्यानं अण्णाला नुसतं इचारलं असतं," तो एकदा माझ्याजवळ म्हणाला, "तर अण्णानं सुरई आनंदानं दिली असती, आन् वर फडकं दिऊन बजावलं असतं की राख लावू नगा. उलट फुगून सांगत फिरला असता, माझ्या सुरईनं लगीन जमवलं." नरसिंगच्या भाचीला द्यायला वीरण्णांनी कपाटात पेल्यांचा एक जोड वेगळा काढून ठेवला होता, हे मागाहून कळलं. मलप्पानं तो लग्नात दिला.

लग्न पुढच्या वर्षी झालं. थोडा पाऊस झाला होता. मी आणि साहेबराव दोघेही गेलो. पार्वतीनं आमच्याबरोबर साहेबरावचाच मोठा डबा भरून बुंदीचे लाडू दिले होते. कस्तुराबाई सगळ्यांचं करत होती, हसतही होती, पण वाढायला मात्र आली नाही. अन्नाला तिचा हात लागू नये म्हणून ती पंगतीपासून लांब लांब राहत होती. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

नंतर नरसिंग डबा परत घेऊन लातूरला आला. मी तेव्हा साहेबरावकडंच बसलो होतो. नरसिंगनं डबा टेबलावर ठेवला, पाणीसुद्धा न घेता निघून गेला. डबा पाण्यानं स्वच्छ धुतलेला होता, राख कुठं दिसली नाही. साहेबरावनं बराच वेळ त्याला हात लावला नाही. मग झाकण काढून त्यानं डबा माझ्यापुढं केला.

आत काहीच नव्हतं. तळाशी नीट पुसलेलं पत्र्याचं बूड दिसत होतं. साहेबरावनं झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवून दिला.